उजव्या हातावरचं ऊन

गेल्या मे महिन्यात घामोळं फारच उठलं म्हणून त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी पावडर लिहून दिली आणि मग म्हणाल्या, "दोन्ही हात जरा टेबलावर शेजारी शेजारी ठेवा." ठेवले. उजवा डाव्यापेक्षा चांगलाच काळवंडलेला. इतकी वर्षं माझ्याच अंगाला असलेले हात, पण असे जोडीने कधी बघितलेच नव्हते.

"गाडी चालवता ना रोज?"

चालवते. हडपसर ते बाणेर, जाऊन-येऊन अडीच तास. "पण काचा बंद असतात, एसी चालू असतो," मी म्हटलं. बाई नुसत्या हसल्या.

जे ऊन चटकत नाही ते लागत नाही, असंच मी धरून चालले होते. कोवळं, कडक, रखरखीत, टळटळीत, कलतं: उन्हाचे शब्दसुद्धा आपण चटक्यावरूनच पाडलेत. आमच्याकडे उन्हाची वाटणीच ठरलेली असायची. सकाळचं कोवळं ऊन तेल चोपडलेल्या बाळाचं, दहानंतरचं पापड-कुरडयांचं आणि बाराच्या पुढचं कुणाचंच नाही. "सावली पायाशी आली, आत या रे," असं आजी खालूनच ओरडायची. गच्चीवर कावळे राखत बसलेले आम्ही मग सुटायचो.

आजीचा हिशेब अगदी पक्का होता. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की अतिनील (यूव्ही) किरण जोरात आहेत असं समजावं, हे आता डॉक्टरही सांगतात. पुण्यात मेच्या मध्यावर तर एक दिवस असा येतो की भरदुपारी उभ्या काठीची सावलीच नाहीशी होते. गंमत म्हणजे 'ड' जीवनसत्त्वही त्वचेत तयार होतं ते प्रामुख्याने अशाच चढत्या उन्हात. अगदी सकाळच्या कोवळ्या उन्हात त्यातलं फारसं काही हाती लागत नाही. बाळाचं ऊन खाणं सुखाचं खरं, पण ते बहुधा शेकण्यापुरतंच.

आता माझ्या हाताचं. त्वचा भाजतात ते मुख्यतः यूव्ही-बी किरण, आणि काच त्यांना बरंचसं अडवते. त्यांचे भाऊबंद यूव्ही-ए मात्र दिवसभर असतात, साध्या काचेतून बिनबोभाट आत येतात आणि त्वचेत जास्त खोल जातात. काळवंडणं, सुरकुत्या, सैल पडणं यांत त्यांचा मोठा वाटा. चटका नाही की लाली नाही. गाडीच्या समोरच्या काचेत दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, तो त्यांना बराच थोपवतो. बाजूच्या काचेत सहसा तो नसतो. आणि आपल्याकडे चालकाच्या बाजूची काच उजवीकडे.

'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २०१२ साली एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. २८ वर्षं ट्रक चालवलेला माणूस. चेहऱ्याची डावी बाजू सुरकुत्यांनी लोंबलेली, उजवी त्या मानाने तुकतुकीत. तिकडे अमेरिकेत चालक डावीकडे बसतो ना! तो फोटो बघितल्यापासून मी सिग्नलला थांबले की शेजारच्या टेंपोवाल्याचे गाल निरखते. तो काय समजत असेल कोण जाणे.

सनस्क्रीन आणलं. किंमत बघून मी ते साजूक तुपासारखं बोटाच्या टोकावर घ्यायचे. चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीइतकं लागतं, आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा, हे नंतर कळलं. बाटलीवरचा एसपीएफचा आकडा मुख्यतः भाजण्यापासूनच्या बचावाचा. यूव्ही-एसाठी 'पीए' आणि त्यापुढची अधिकची चिन्हं बघायची. मुलतानी माती, उगाळलेलं चंदन, वाळ्याचं पाणी हे सगळं मला प्रिय आहे, गार वाटतं. पण ते उन्हातून आल्यावरचं. जाताना पूर्ण बाह्यांचा सुती सदरा त्याहून कामाचा.

आईला मी हे सगळं मोठ्या उत्साहाने सांगितलं. तिने माझ्या पांढऱ्या हाताकडे बघून "चुना फासलायस का?" म्हणून विचारलं आणि उठून हॉलचा पडदा ओढून दाखवला. खिडकीची काच वर्षभर बंदच असते तिच्याकडे, धुळीपायी. निळा पडदा, पण चुण्यांचा जो भाग काचेकडे होता तो पार विटलेला, आणि आतल्या घडीत रंग दुकानातून आणला तसाच.

"दिवाळीत उलटा टांगला होता," ती म्हणाली. "आता दुसरी बाजू पण गेली बघ."

मी तिच्या हातांकडे बघितलं. ती रोज दुपारी त्याच खिडकीशी पेपर वाचत बसते.