जुन्या टायरात पाणी भरायचं का?

नांगर जरा खोल लागला की मागचं चाक जागेवर फिरायला लागतं, आणि बांधावरचा कुणीतरी सांगतोच, टायरात पाणी भर, वजनाने पकड येईल. चिकोडी-अथणीकडच्या काळ्या रानात हा सल्ला चुकीचा नाही. पण आधी घसरण मोजा. चाकावर चुन्याची खूण करा, नांगर उचलून चाकाच्या दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती जातो ते टेपने बघा, मग नांगर लावून पुन्हा दहा फेऱ्या. 13.6-28 मापाच्या मागच्या टायरवर मोकळा ट्रॅक्टर 40 मीटरच्या आसपास जातो. नांगरासकट 34 भरले तर घसरण 15 टक्के. एवढी चालते, पाणी नको. 30 वर आला तर 25 टक्के, म्हणजे डिझेल मातीत.

जुन्या टायरला मात्र आधी नीट बघून घ्या. बाजूच्या भिंतीला चिरा पडून आतला धागा दिसत असेल, किंवा ट्यूबला तीन-चार ठिगळं असतील, तर भरूच नका. ओल्या ट्यूबवर ठिगळ धरत नाही, आणि दीडशे किलो पाणी असलेलं चाक एकट्याने उतरवणं जिवावर बेतू शकतं. लग, म्हणजे टायरवरचे जाड दात, झिजून गुळगुळीत झाले असतील, तर ओल्या रानात वजनानेही पकड येत नाही. तो पैसा नव्या टायरला ठेवा.

भरायचं ठरलं तर पुढची चाकं अडवा, एक बाजू जॅकवर घ्या, खाली लाकडी ठोकळा द्या. व्हॉल्व्ह बरोबर वर आणा आणि पिन काढून हवा सोडा. बऱ्याच मागच्या ट्यूबांत पिनीसकट पूर्ण आतलं नळकांडं निघतं, ते काढलं की भोक मोठं होतं. छतावरच्या टाकीची नळी लावून भरा. मध्येमध्ये नळी काढून हवा जाऊ द्या, नाहीतर पाणी आतच शिरत नाही. व्हॉल्व्हमधून पाणी यायला लागलं की थांबा. टायर पाऊण भरला, साधारण 150 लिटर. वरची पाव हवेची जागा ठेवायलाच हवी, कारण पाणी दबत नाही; पूर्ण भरलेला टायर दगडावर फुटतो. मग नेहमीइतकी हवा भरा, आणि दुसरी बाजूही तेवढीच.

कॅल्शियम क्लोराइड कशाला? ते बर्फाच्या मुलखात पाणी गोठू नये म्हणून घालतात. इथे त्याने वजन थोडं वाढेल, पण रिम गंजेल.

खानापूरकडच्या भातवाल्यांनी चिखलणीआधी पाणी काढून टाकावं, नाहीतर ट्रॅक्टर रुततो. वाफसा येण्याआधी, म्हणजे रान जास्त ओलं असताना, जड चाक फिरवलं की काळं रानही दबतं. काढताना व्हॉल्व्ह खाली आणायचा. धार मध्येच थांबली तर टायर रिकामा झाला असं समजू नका, थोडी हवा भरा, पाणी पुन्हा वाहतं.