माय, लकवा आणि न उमटणारे अंगठे

कापसाची दुसरी वेचणी चालू होती. माय पाचला उठली, चूल पेटवली आणि सहाच्या सुमारास बाजेवर बसल्या बसल्या डावीकडे कलली. तोंड वाकडं झालं, शब्द जड झाले. "माहा हात कुठी गेला रे बाप्पू?" असं विचारत होती. तिचा डावा हात तिच्याच मांडीवर पडला होता, पण तो आपला आहे हे तिला कळत नव्हतं.

शेजारपाजारचे जमले. लकव्यावर औषध देणारा एक माणूस पलीकडच्या गावात आहे, आधी त्याच्याकडे न्या, असं सगळ्यांचं मत पडलं. मीही ऐकलं. त्यात साडेतीन तास गेले. मग १०८ ची गाडी, ग्रामीण रुग्णालय आणि तिथून सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय. पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. मेंदूचा फोटो पाहून डॉक्टरांनी सांगितलं की रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आता ते देता येणार नाही. तोंड वाकडं होणं, एक हात न उचलणं, बोलणं अडखळणं, यातलं एकही दिसलं तर कुणाचा सल्ला न घेता १०८ लावा. हे मी आता भेटेल त्याला सांगतो.

आणखी एक गोष्ट तिथंच कळली. मायला बीपी होतं, गावच्या उपकेंद्रातून गोळ्या फुकट मिळत होत्या, पण वेचणी सुरू झाली तशी "मले आता बरं वाटते" म्हणत तिनं गोळ्या सोडल्या होत्या. आशाताई दोनदा घरी येऊन विचारून गेल्या. आम्ही वावरात होतो.

नऊ दिवसांनी मायला घरी आणलं. खरी कसोटी तिथून सुरू झाली, आणि ती माझ्यापेक्षा माझ्या बायकोची होती. मायचं अंग जड, बायको सडपातळ. दोन हातांनी बगलेत धरून ओढायची, त्यात मायचा डावा खांदा दुखावला आणि बायकोची कंबर धरली. पाठीखाली लाल चट्टा दिसला तेव्हा ती घाबरून आशाताईंकडे गेली. दुसऱ्या दिवशी उपकेंद्राच्या सीएचओ मॅडम, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, घरी आल्या. त्यांनी तासभर बसून जे शिकवलं, ते दवाखान्यातून निघताना घाईगर्दीत आमच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. दर दोन तासांनी कूस बदलायची. लुळा हात धरून कधी ओढायचं नाही, कूस बदलताना त्याखाली उशी ठेवायची. आडवं ठेवून घास भरवायचा नाही. पाठीला टेकू देऊन ताठ बसवायचं, पाणी चमच्यानं द्यायचं आणि ठसका लागला तर थांबायचं. मी एका पुठ्ठ्यावर तासांचे रकाने आखले आणि भिंतीला टांगला. ज्यानं कूस बदलली त्यानं खूण करायची. रात्री बाराची आणि दोनची खूण माझी. चट्टा तीन आठवड्यांत बसला.

जाता जाता मॅडमनी बायकोचंही बीपी मोजलं. वाढलेलं निघालं. तोवर तिला कुणी काही विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

मग कार्डाचं प्रकरण. ७० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकासाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं, त्याला उत्पन्नाची अट नाही. मायचं वय ७२. आधार कार्ड पुरेसं होतं, पण आधारला जोडलेला मोबाइल नंबर कधीचा बंद पडलेला, म्हणजे ओटीपी येणार नाही. अंगठा लावायचा म्हणून ऑटो करून तिला ११ किलोमीटरवर सेतू केंद्रात नेलं. दहाही बोटं झाली. पुसून लावली, ओली करून लावली, पुन्हा पुसली. यंत्र एकही ठसा घेईना. पन्नास वर्षं कापूस वेचून, निंदण करून, राखेनं भांडी घासून तिच्या बोटांवरच्या रेघाच झिजल्या आहेत. केंद्रातला मुलगा म्हणाला, उद्या या. दुसऱ्या दिवशी पुन्हा नेलं, पुन्हा तेच. ऑटोत परतताना माय बोटं उलटसुलट करून पाहत होती. म्हणाली, "सरकारले माही वळख नाई पटत का?" मला उत्तर सुचलं नाही.

सीएचओ मॅडमला सांगितलं तर त्या म्हणाल्या, अहो, चेहऱ्यावरूनही होते. त्या मोबाइल घेऊन घरीच आल्या. मला धास्ती होती की वाकड्या तोंडाचा चेहरा जुन्या फोटोशी जुळेल कसा. ओसरीत अंधार म्हणून पहिल्यांदा झालं नाही. बाज अंगणात ओढली, उजेडात मायला बसवलं. डोळे मिचकवा, म्हणाल्या. मायनं मिचकवले. झालं. बोटं झिजलेल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसासाठी सेतूवर आधी हे विचारा: चेहऱ्यावरून किंवा डोळ्यावरून करता का? आणि सगळी माणसं धडधाकट असतानाच करून घ्या, कारण लुळ्या माणसाला ऑटोत चढवणं काय असतं ते आम्ही दोनदा भोगलं.

हे कार्ड भरती होण्यासाठी आहे, रोजच्या खर्चासाठी नाही. डायपर, ऑटोचं भाडं, घरचा व्यायाम खिशातूनच. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० मायच्या खात्यात येतात, ते यातच जातात. मुख्यमंत्री वयोश्री योजनेचा अर्ज भरला होता. ६५ वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्यांना, कुटुंबाचं उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर, साहित्यासाठी एकदाच ३००० मिळतात. आम्ही भोक असलेली खुर्ची घेतली. तेव्हापासून पहाटे तिला परसाकडे उचलून न्यावं लागत नाही. एवढ्या रकमेतली ती सर्वांत कामाची वस्तू ठरली.

एका रात्री मायनं आठव्यांदा हाक मारली आणि बायको चुलीपाशी बसून रडली. सकाळी तिनं १४५६७ वर फोन लावला. ज्येष्ठांसाठीची ती एल्डरलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ, पैसे लागत नाहीत, सांभाळणाऱ्यांनाही बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तुम्ही घरून शेवटच्या कधी निघालात? म्हाताऱ्या माणसाला चार दिवस ठेवून घेईल अशी जागा आमच्या जवळपास मला सापडली नाही. म्हणून अमरावतीच्या बहिणीला बोलावलं. ती आली, पुठ्ठ्यावरचे रकाने समजून घेतले, खांदा कसा धरायचा ते दोनदा करून पाहिलं. बायको चार दिवस माहेरी गेली.

बुधवारी ग्रामीण रुग्णालयात मायच्या व्यायामाची पाळी आहे. एसटीच्या पायऱ्या उंच, तिकीट अर्धं असलं तरी चढवायला दोघं लागतात. या वेळी बहीण सोबत येते आहे.