गॅरेजच्या दाराचे डोळे, नोंद ५ : वायर नव्हे, ऊन!

मंडळी, आमच्या गॅरेजचं दार मधूनमधून बंद व्हायलाच तयार नसतं. (डोळे म्हणजे दाराच्या दोन बाजूंना फरशीलगत बसवलेले सुरक्षेचे संवेदक: सेंडर अदृश्य किरण सोडतो, समोरचा रिसीव्हर तो पकडतो, आणि किरण तुटला की ओपनर, म्हणजे दार चालवणारी मोटार, दार बंद करत नाही.) मागच्या नोंदीत मी ठामपणे लिहिलं होतं की दोष वायरचा आहे. तो वायरचा नव्हता. ओपनरच्या मागच्या टर्मिनलपासून दोन्ही डोळ्यांपर्यंत मिळून साठ फूट नवी बेल वायर ओढली, प्रत्येक जोड नव्याने केला, मल्टिमीटरने दोन्ही टोकं तपासली. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी सव्वासहाला गाडी आत घेतली आणि बटण दाबलं, तर दार जागचं हललं नाही. ओपनरचा दिवा तेवढा दहा वेळा लुकलुकला. सेंडरचा पिवळा दिवा स्थिर होता, रिसीव्हरचा हिरवा दिवा गेलेला.

त्याआधी मी ऑनलाइन मागवलेली ‘सगळ्या ओपनरना चालणारी’ जोडीही लावून पाहिली होती. बत्तीस डॉलर गेले. तिचं ब्रॅकेट इतकं पातळ होतं की विंग नट (हाताने फिरवायचा पंखांचा नट) आवळताना डोळाच फिरायचा. माझं मत सांगते: ज्या कंपनीचा ओपनर असेल, तिचेच डोळे घ्या. चार पैसे जास्त जातात, पण ब्रॅकेट तरी जागेवर राहतं.

खरा शोध बाबांनी लावला. सध्या ते सांगलीहून इथे, अमेरिकेत शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आले आहेत. रोज संध्याकाळी गॅरेजचं दार उघडून आत खुर्ची टाकून बसतात, गावी ओट्यावर बसावं तसे. पाटबंधारे खात्यात त्यांनी वर्षानुवर्षं पर्जन्यमापकाच्या नोंदी ठेवल्या. त्यामुळे माझी चिडचिड ऐकून त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे वही घेतली. तारीख, वेळ, ऊन की ढग, दार बंद झालं की नाही. नऊ दिवसांच्या नोंदी झाल्यावर त्यांनी वही माझ्यासमोर धरली. दुपारी एकदाही बिघाड नाही, रात्री नाही, ढगाळ संध्याकाळी नाही. सहाही बिघाड उन्हाच्या संध्याकाळचे, साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यानचे.

४ ऑक्टोबरला मी आत बटणापाशी उभी होते आणि बाबा बाहेर ड्राइव्हवेवर, दारापासून चार पावलं लांब. “बाबा, जरा पश्चिमेला सरका,” म्हटलं. ते सरकले, त्यांची सावली रिसीव्हरवर पडली आणि हिरवा दिवा लागला. ते बाजूला झाले, दिवा गेला. आम्ही दहा-बारा वेळा केलं असेल ते. किरण तोडणारं मधे काही नव्हतं. माणसाची सावली पडली की डोळ्याला दिसायला लागायचं, सावली हटली की डोळा दिपायचा. इतक्या दिवसांच्या त्रासाचं उत्तर असं समोर उभं राहिलं तेव्हा मला भरून आलं, हे लिहायला संकोच वाटत नाही.

असं का होतं हे ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्या. सेंडर अवरक्त किरण सलग सोडत नाही, स्पंदनांत सोडतो, म्हणून रिसीव्हरला तो साध्या उजेडापासून वेगळा ओळखता येतो. पण सूर्य खाली असतानाचं ऊन थेट भिंगात शिरलं की आतला फोटोडायोड (उजेड ओळखणारा भाग) इतका भरून जातो की स्पंदनं त्यात बुडतात. रिसीव्हरला वाटतं किरण तुटला. मग दार बंद होत नाही, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. शंका आली की उघडं राहायचं, अशीच त्याची रचना आहे.

आता दिशेचं गणित. आमचं गॅरेज दक्षिणमुखी आहे. (घर घेताना दक्षिणमुखी म्हणून दोन्हीकडच्या घरांतून बरंच ऐकलं होतं. पण हिवाळ्यात आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ गल्लीत सगळ्यांत आधी वितळतो, मला हेच घर हवं होतं.) दार दक्षिणेला म्हणजे किरण पूर्व-पश्चिम जातो. आमचा रिसीव्हर पूर्वेच्या खांबाला होता, तोंड पश्चिमेला. २२-२३ सप्टेंबरच्या आसपास सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो. पुढे इथल्या अक्षांशावर मावळतीची जागा रोज साधारण अर्धा अंश दक्षिणेला सरकते. समोरच्या खांबाच्या आडून ऊन जेमतेम बाहेर निघतं आणि सरळ भिंगात. ऑगस्टभर काही झालं नव्हतं, कारण तेव्हा सूर्य पश्चिमेच्याही उत्तरेला मावळत होता, घराच्या मागे.

उत्तरमुखी दारवाल्यांनो, तुमचा ऋतू उलटा असणार: मे, जून, जुलै. पूर्व-पश्चिम दारवाल्यांचा किरण दक्षिणोत्तर जातो, त्यामुळे खालचं ऊन डोळ्यावर आडवं पडतं आणि सहसा त्रास देत नाही. तिथे बिघाड आला तर आधी जाळं, धूळ, वाकलेलं ब्रॅकेट पाहा.

उपाय सगळ्यांना ठाऊक असलेलाच केला. ५ ऑक्टोबरला डोळ्यांची अदलाबदल. सेंडर पूर्वेला, रिसीव्हर पश्चिमेला. सेंडर फक्त किरण सोडतो, त्याच्यावर ऊन पडलं तरी बिघडत नाही. दोन वायर सोडवल्या, दोन जोडल्या, दोरी ताणून उंची जुळवली (फरशीपासून साडेपाच इंच, सहाच्या वर जाऊ देऊ नका). विंग नट आवळता आवळता हिरवा दिवा आधी फडफडला आणि मग स्थिर झाला, त्या क्षणासाठी मी हा छंद करते. संध्याकाळी सहा वाजता, भर उन्हात, दार एका दमात खाली आलं. बाबांनी वहीत त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या.

तीन आठवडे सुखात गेले. मग दोन दिवस वारं सुटलं आणि सकाळचं ऊन अडवणाऱ्या शेजारच्यांच्या मेपलच्या झाडाची उरलीसुरली पानं गेली. २७ ऑक्टोबरला सकाळी पावणेआठला लेकीला शाळेत सोडायला निघाले, तर ड्राइव्हवेवर गाडीत बसून रिमोट दाबतेय आणि दार उघडंच. रिसीव्हर आता पूर्वेकडे पाहत होता, सूर्य तिकडूनच वर येत होता, आणि ज्या झाडाच्या भरवशावर मी अदलाबदल केली ते पर्णहीन झालं होतं. शेवटी आत जाऊन भिंतीवरचं बटण दार टेकेपर्यंत दाबून धरलं आणि घरातून बाहेर आले. लेकीला शाळेत उशीर झाला.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. असा त्रास झाला की काही जण दोन्ही डोळे काढून छताजवळ समोरासमोर चिकटवून टाकतात, म्हणजे दार काहीही न पाहता बंद होतं. कृपा करून करू नका. लहान मुलं दाराखाली सापडून दगावली, म्हणून अमेरिकेत १९९० साली कायदा झाला आणि १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती ओपनरना डोळे किंवा दाराच्या खालच्या कडेला संवेदक पट्टी सक्तीची झाली. तो डोळा खाली आहे कारण रांगणारं मूल खाली असतं.

तर आता रिसीव्हरला उन्हापासून आडोसा. पहिला नमुना बाबांनी उदबत्तीच्या रिकाम्या नळकांड्याचा केला. आतून चकचकीत कागद होता, त्यामुळे ऊन आतल्या भिंतीवर आपटून भिंगापर्यंत पोचायचंच. बाबांनी निरांजनावर धरून आत काजळी धरवली, आणि दिवा स्थिर! पण गाडीच्या चाकांबरोबर आलेल्या पाण्याने दोन दिवसांत पुठ्ठा लोळागोळा. तरी धडा मिळाला: आडोशाची लांबी महत्त्वाची आहेच, आतला काळेपणाही तितकाच महत्त्वाचा.

मग सुचलं की नळी हवीच कशाला? ऊन कायम एकाच बाजूने, बाहेरून येतं. त्या बाजूला एक पाकळी पुरे. होम डेपो या हार्डवेअरच्या दुकानातून अॅल्युमिनियमचा एल-अँगल (एल आकाराची पट्टी) आणला, तीन इंच कापला, मॅट काळा रंग दिला आणि ब्रॅकेटच्या बोल्टातच पकडला. दार बंद करून पाकळी आणि दाराच्या आतल्या अंगात बोटभर जागा आहे ना हे पाहिलं. मोटार सोडवणारी लाल दोरी ओढून दार हाताने वरखाली केलं, मगच मोटार जोडली. ३० तारखेला सकाळी पावणेआठला हिरवा दिवा जराही फडफडला नाही. पाठोपाठ नेहमीच्या दोन चाचण्या. दार उतरत असताना खोक्याने किरण तोडला, दार परत फिरलं. दाराखाली दोन बाय चारची फळी आडवी ठेवली, टेकताच परत फिरलं. पाकळी लावल्यावर या चाचण्या टाळू नका.

इथवर लिहून नोंद संपवणार होते, पण आकडे पुन्हा मांडताना एक गोष्ट दिसली. आत्ता मी निघते तेव्हा ऊन किरणाच्या रेषेपासून बावीसेक अंश हटलेलं असतं. पाकळीपासून भिंगाची पलीकडची कड अर्धा इंच, म्हणजे सव्वा इंच लांबी पुरते. तीन इंच भरपूर. पण मार्चच्या अखेरीस हेच ऊन जेमतेम पाच अंश हटलेलं असेल, मेपल तेव्हाही उघडाच, आणि लांबी लागेल जवळपास पावणेसहा इंच. माझी तीन इंची पाकळी तेव्हा हरणार. शिवाय नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे जातील, मी निघेन तेव्हा सूर्य बराच वर आलेला असेल, आणि दार नीट चालतंय असं वाटून मी हे विसरून जाईन.

दोन्ही डोळे आत, गॅरेजच्या खोलीकडे सरकवून समोरच्या खांबाचीच सावली घ्यावी, हाही विचार आला होता. सोडून दिला. डोळा दारापासून जितका लांब, तितकं दाराखालचं त्याला कमी दिसतं.

म्हणून आता सहा इंची पाकळी कापते आहे. लेकीच्या सायकलचं चाक आणि बर्फाचं फावडं तिला धडकणार, तेव्हा पुढचे तीन इंच जाड काळ्या रबराचे करावेत असं हे लिहिताना सुचतंय. धडक बसली तर वाकेल, डोळा हलणार नाही. जुनं मडफ्लॅप कापून पाहते. रबर उन्हात तापून खाली झुकतं का, कुणी अनुभव घेतला असेल तर जरूर सांगा.

बाबा नोव्हेंबरअखेर परत जातील. वही लेकीकडे सोपवली आहे. मार्चच्या पानावर त्यांनी रकाने आखून ठेवलेत, आणि ‘आकाश’ या रकान्याशेजारी ‘झाडाला पानं?’ असा एक नवा रकाना वाढवलाय.