सिव्हिक टाइप आर एफके८: दिसायला राक्षस, चालवायला लोणी

२०१७ ची ही होंडा सिव्हिक टाइप आर (एफके८ हा या पिढीचा कोड) बघून लोक सरळ दोन पार्ट्यांत वाटले जातात. मागे तो भलामोठा विंग, मधोमध ३ सायलेन्सर, बंपरवर खोट्या जाळ्या... अर्ध्यांना वाटतं खेळण्यातली गाडी आहे. मलाही बाहेरून ती फारशी सुंदर वाटत नाही, खोटं कशाला बोलू. पण आत बसल्यावर विंग दिसतोय कुणाला!

२ लिटर टर्बो इंजिन, युरोपात ३२० पीएस (जवळपास हॉर्सपॉवरच) आणि ४०० न्यूटन मीटर टॉर्क, आणि हे सगळं फक्त पुढच्या चाकांवर, म्हणजे स्टिअरिंग हातातून ओढलं जाणार असंच कुणालाही वाटेल ना, पण पुढचं सस्पेन्शन ड्युअल ॲक्सिस आहे (चाक वळण्याचा अक्ष वेगळा, म्हणून स्टिअरिंगची ओढ कमी), वर लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल, म्हणजे एकच चाक नुसतं फिरू न देता दोन्ही चाकांना ताकद वाटणारी यंत्रणा, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की गाडी बाहेर फेकली जाण्याऐवजी उलट आत खेचली जाते. पहिल्यांदा विश्वासच बसत नाही. गिअर फक्त मॅन्युअल, ६ स्पीड, आणि तो छोटा थ्रो, म्हणजे गिअर टाकताना दांडा जेमतेम हलवावा लागतो, निव्वळ सुख. आवाज मात्र अगदीच बेताचा, ३ नळकांडी लावून एवढंच?

रोज वापरायला? कम्फर्ट मोड टाका, निवांत चालते, डिकीही मोठी. फक्त सुरू करताना ती स्पोर्ट मोडमध्येच उठते, दरवेळी बदलावं लागतं. खरी धास्ती २० इंची रिम्सची, टायर इतके पातळ की खड्डा दिसला की पोटात गोळा, शिवाय पुढचे टायर लवकर झिजतात. मागे दोघंच बसू शकतात, पाचवा माणूस असेल तर सरळ दुसरी गाडी बघा.