‘समाधानी’ रुग्णाचे २८ हजार

मामांची अँजिओप्लास्टी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून झाली. मंजुरी लगेच आली, मामा आता रोज फिरायला जातात, त्याबद्दल काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते २८ हजारांबद्दल. “योजनेतला स्टेंट साधा असतो, चांगला हवा तर फरक भरा,” असं सांगून रुग्णालयाने ते घेतले. थोडे रोख, बाकीचे मामेभावाने तिथल्याच मेडिकलच्या क्यूआर कोडवर टाकले. पावती म्हणून पॅडच्या चिठ्ठीवर नुसता आकडा.

योजना कॅशलेस आहे. तपासण्या, औषधं, स्टेंट, रुग्णाचं जेवण सगळं पॅकेजमध्ये धरलेलं असतं. म्हणजे एकाच स्टेंटचे पैसे सरकारकडूनही आणि मामांकडूनही!

योजनेच्या १५५३८८ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणं सोपं होतं. घोडं अडलं योजनेच्या जिल्हा कार्यालयात. टेबलावरच्या साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्यावर मामांचं समाधानपत्र : ‘माझ्याकडून कोणतीही रक्कम घेतली नाही.’ खाली मामांची सही. सही खरीच होती. डिस्चार्जच्या दिवशी कागदांचा गठ्ठा पुढे करून “इथं, इथं आणि इथं” म्हणत घेतलेली. घरी जायची घाई असलेला माणूस त्यातला कुठला कागद वाचणार?

“पेशंट समाधानी आहे, मग तुमची तक्रार कसली?” साहेबांचा प्रश्न. पक्की पावती आणा म्हणाले. जे पैसे घ्यायलाच नकोत, त्यांची पक्की पावती कोण देईल? पुढच्या खेपेला टेबलावर दुसरेच गृहस्थ. त्यांनी फाइल पहिल्या पानापासून वाचली आणि पुन्हा पक्की पावती मागितली. माझा आवाज चढला, तेव्हा ते म्हणाले, “आम्ही फोन करूनही खात्री केलीय.” कोणाला फोन केला? नोंदीतल्या नंबरचे शेवटचे आकडे बघितले. तो मामांचा नव्हताच, आमच्या घरात कोणाचाच नव्हता.

सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने २०२३ मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारत आरोग्य योजनेच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकाच मोबाईल नंबरवर साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी सापडले होते. ती बातमी वाचून मी हसलो होतो. इथे मात्र त्या परक्या नंबरवर कोणीतरी ‘समाधानी’ होऊन मोकळं झालं होतं.

मग मामांच्या सहीने अर्ज दिला : कोणत्या नंबरवर, कोणत्या तारखेला, कोणाशी बोललात? सोबत मामेभावाच्या बँकेचं स्टेटमेंट जोडलं. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. तोंडी विचारलं की “बघतो” ऐकायला मिळतं, लेखी प्रश्नाला कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं. उत्तर आलं नसतं तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज तयारच ठेवला होता. तो मात्र रुग्णाच्याच नावाने करा, नाहीतर ‘त्रयस्थाची माहिती’ म्हणून परत येईल.

अर्ज गेला आणि फाइल हलली. रुग्णालयाला नोटीस गेली, मग त्यांच्या मॅनेजरचा फोन आला, “मामा, गैरसमज झाला.” क्यूआरवरचे पैसे खात्यात परत आले. रोख दिलेले बुडाले, कारण चिठ्ठीवर ना नाव ना शिक्का. त्यामुळे पैसे मागितलेच, तर रोख अजिबात देऊ नका आणि तिथल्या तिथे आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, गाठा.

रुग्णालयाने सरकारकडे लावलेल्या क्लेमचं काय केलंत, असं मी कार्यालयात विचारलं. “तो तुमचा विषय नाही,” असं उत्तर मिळालं. त्याचाही अर्ज दिलाय, आवक क्रमांकासकट.

आणि हो, नोंदणीच्या वेळी टाइप केलेला मोबाईल नंबर स्वतः वाचून बघा.