तौक्तेनंतरचा गार पट्टा

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या पश्चिमेकडून उत्तरेला सरकले आणि त्याच रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर दीव आणि उना यांच्या दरम्यान आदळले. सांताक्रूझला १८ मेच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत २३० मिलीमीटर पाऊस झाला आणि पी-३०५ हा तेलक्षेत्रातल्या कामगारांच्या निवासाचा बार्ज भर समुद्रात बुडाला. समुद्र आणि हवा यांच्यात होणारी उष्णतेची देवाणघेवाण उपग्रहांच्या नोंदींवरून काढणे हे माझे काम. मी सांगते आहे तो दिवस मात्र वादळाचा नाही, ते ओसरल्यानंतरचा आहे. वादळाच्या ऐन भरात आमच्या नकाशांवर मोठमोठ्या रिकाम्या जागाच असतात, कारण अवरक्त किरण टिपणाऱ्या उपग्रहाला फक्त ढगांचे माथे दिसतात आणि ढगांच्या आरपार पाहू शकणाऱ्या सूक्ष्मलहरीसुद्धा मुसळधार पावसात निरुपयोगी ठरतात.

मुळात उष्णता अशी कोणत्याच उपग्रहाला थेट दिसत नाही. समुद्रावरच्या बारीक लाटांवरून परतलेल्या रडारच्या संकेतांतून वाऱ्याचा वेग काढावा लागतो. त्यासाठी आम्ही युरोपच्या मेटॉप उपग्रहांवरील ॲस्कॅट हे उपकरण वापरत होतो. पाण्याचे पृष्ठतापमान जपानच्या ॲम्सर-२ या सूक्ष्मलहरी उपकरणाकडून मिळते. खरी अडचण हवेतल्या ओलाव्याची आहे. पृष्ठभागापासून वरपर्यंतच्या संपूर्ण हवेत मिळून बाष्प किती आहे, हे उपग्रह बऱ्यापैकी सांगतो. पण बाष्पीभवन ठरते ते पाण्यालगतच्या काही मीटर हवेतल्या बाष्पावर आणि ते अंदाजानेच काढावे लागते. हा अंदाज किती खात्रीचा आहे हे सांगितल्याशिवाय उष्णतेचा रंगीत नकाशा कोणी कोणापुढे ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. म्हणूनच खोल समुद्रात नांगरलेल्या बोयांच्या, म्हणजे मोजणीच्या तरंगत्या उपकरणांच्या, नोंदी मला उपग्रहाइतक्याच मोलाच्या वाटतात.

ढग पांगल्यावर मिळालेल्या पृष्ठतापमानाच्या नकाशात वादळाच्या मार्गालगत एक गार पट्टा स्पष्ट उमटला होता. वादळापूर्वी जे पाणी सुमारे ३० ते ३१ अंश सेल्सिअस होते, ते या पट्ट्यात काही ठिकाणी दोन अंशांहून अधिक उतरले होते. टाळेबंदीमुळे आम्ही आपापल्या घरून काम करत होतो. माझ्याबरोबर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने फोनवरच, आवाजातला आनंद न लपवता सांगितले, "मॅडम, वादळाने समुद्रातून एवढी उष्णता ओढून घेतली, हे इथे सरळ दिसतंय." हा समज फार प्रचलित आहे, आणि तो वाटतो इतका वेडगळही नाही, कारण चक्रीवादळ खरोखरच उबदार समुद्रावरच्या बाष्पावर पोसले जाते. मी त्याला म्हटले, "आधी हिशेब मांडून बघ, मग बोलू."

हिशेब आम्ही फोनवरच मांडला. वाऱ्याचा वेग सेकंदाला २० मीटर धरला आणि पाण्याच्या पृष्ठभागालगतची संपृक्त (बाष्पाने पूर्ण भरलेली) हवा व त्यावरची हवा यांच्या आर्द्रतेत किलोभर हवेमागे सात ग्रॅम बाष्पाचा फरक धरला, तर बाष्पीभवनातून दर चौरस मीटरला सुमारे ४५० ते ५०० वॅट उष्णता बाहेर पडते. एरवीच्या शांत दिवसांच्या मानाने हा आकडा मोठा आहे. दिवसभरात समुद्राच्या पाण्याचा १६ ते १८ मिलीमीटर जाडीचा थर उडून जावा, असा त्याचा अर्थ. परंतु वरचा ३० मीटरचा थर जर ही उष्णता देत असेल, तर त्याचे तापमान एका दिवसात जेमतेम एक तृतीयांश अंशाने उतरते. वाऱ्याचा वेग आणखी वाढवला, आर्द्रतेच्या अंदाजातली चूक आपल्याला सोयीच्या बाजूने धरली, तरी एवढ्या थोड्या काळात दोन अंशांचा पल्ला गाठता येत नव्हता.

उरलेला गारवा खालून आला होता. वादळी वारा पृष्ठभागावरच्या पाण्याला जोराने ढकलतो, वरच्या आणि खालच्या थरांच्या वेगांत तफावत पडते, त्यांच्या सीमेवर घुसळण होते आणि खालचे थंड पाणी वरच्या उबदार पाण्यात मिसळते. समुद्रशास्त्रज्ञ जेम्स प्राइस यांनी १९८१ मध्येच दाखवले होते की, चक्रीवादळामागच्या गारव्याचा मोठा वाटा अशा घुसळणीचा असतो आणि हवेला दिलेल्या उष्णतेचा वाटा त्यामानाने लहान असतो. हे मी वाचलेले होते, विद्यार्थ्यांना शिकवलेही होते. पण आपल्या किनाऱ्यासमोरच्या पाण्यात, अगदी ताज्या नोंदींवर, ते आकड्यांतून उलगडताना पाहणे हा अनुभव वेगळा होता. विद्यार्थी बराच वेळ काही बोलला नाही आणि मग त्याने नेमका प्रश्न विचारला: मग वरची उष्णता गेली कुठे? त्यातली बरीचशी कुठेच गेली नव्हती, ती खालच्या थरात उतरली होती. आणि पृष्ठभागच पाहणाऱ्या उपग्रहाला ती दिसणे शक्य नव्हते.

उत्तर गोलार्धात वादळाच्या मार्गाच्या उजव्या बाजूला पाणी सहसा अधिक गार होते, कारण त्या बाजूला वाऱ्याची दिशा समुद्रातल्या प्रवाहाच्याच रोखाने वळत जाते. तौक्तेची उजवी बाजू म्हणजे कोकणाची बाजू. नेमक्या तिथेच किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात सूक्ष्मलहरींच्या मोजणीत जमिनीचा संकेत मिसळत असल्याने ती नोंद टाकून द्यावी लागते. संगणकाकडून ती जागा भरून घेता आली असती, परंतु ज्या पाण्यावर आपल्या मासेमारीचा भार आहे, तिथला आकडा कल्पनेने भरणे मला मान्य नव्हते. आकाश निवळल्यानंतरच्या अवरक्त नोंदींची वाट पाहायची आणि तोवर तो भाग कोराच ठेवायचा, असे आम्ही ठरवले.

त्या संध्याकाळी तयार केलेल्या टिपणात आम्ही हवेला दिलेली उष्णता आणि खाली मिसळलेली उष्णता वेगवेगळी दाखवली, आणि पहिल्या आकड्याशेजारी आर्द्रतेच्या अंदाजातून येणारी अनिश्चितताही लिहिली. दुसऱ्या आकड्याची पडताळणी करायची तर पाण्याखालचे तापमान लागते. त्यासाठी खोल पाण्यात बुडी मारून वर येणाऱ्या आर्गो फ्लोटच्या, मार्गाच्या दोन्ही बाजूंच्या आणि वादळाच्या आधीच्या व नंतरच्या नोंदी गोळा करण्याचे काम विद्यार्थ्याने आपणहून मागून घेतले.