लोरेटा लिनच्या माहेरापासून नॅशव्हिलपर्यंत

अमेरिकेतल्या कंट्री संगीताची आवड असलेले बहुतेक जण थेट टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल, या संगीताचं माहेरघर, गाठतात. कंट्री गायिका लोरेटा लिन हिच्यासाठी जात असाल तर मात्र सुरुवात केंटकी राज्याच्या पूर्वेकडच्या डोंगरांतून, ती जन्मली त्या बुचर हॉलोपासून करा. तिची गाणी कुठून आली ते तिथे दिसतं, मग नॅशव्हिलमधल्या काचेच्या कपाटांतले झगे नुसते झगे राहत नाहीत.

लेक्सिंग्टनहून पेन्ट्सव्हिल गाडीने दोन तासांवर. तिथून व्हॅन लिअर अगदी जवळ, आणि बुचर हॉलो व्हॅन लिअरला लागूनच. व्हॅन लिअर हे कोळसा कंपनीने वसवलेलं गाव. कंपनीचं जुनं पाच नंबरचं दुकान आता 'वेब्ज ग्रोसरी' म्हणून ओळखलं जातं. वेब हे लोरेटाचं माहेरचं आडनाव. तिचं घर बघायची चौकशी याच दुकानात करायची. निघण्याआधी फोन करून दुकान उघडं आहे ना, याची खात्री करून घ्या आणि रोख डॉलर जवळ ठेवा. दुकानाच्या पुढे रस्ता इतका अरुंद होतो की समोरून गाडी आली तर एकाला कडेला थांबावंच लागतं. मोबाइलची रेंजही बेभरवशाची, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्या.

घर उतारावर आहे, लाकडी, पुढे ओसरी. आठ भावंडांत लोरेटा दुसरी. वडील खाणकामगार. भिंतींना आईने वर्तमानपत्रांची आणि मासिकांची पानं चिकटवली होती. त्यांतल्या लोरेटा यंग या नटीवरून मुलीचं नाव ठेवलं. शनिवारी रात्री बॅटरीवरच्या रेडिओवर नॅशव्हिलच्या रंगमंचावरून थेट प्रसारित होणारा 'ग्रँड ओल ओप्री' हा कंट्री गाण्यांचा कार्यक्रम लागायचा. ओसरीवर उभं राहून समोर बघितलं की फक्त डोंगर दिसतो, इतका जवळ की आभाळाची पट्टीच उरते. इथे घाई करू नका, निदान अर्धा दिवस द्या.

1932चा जन्म, पंधराव्या वर्षी लग्न, मग देशाच्या पार दुसऱ्या टोकाला वॉशिंग्टन राज्यात संसार. विशीच्या सुरुवातीलाच पदरात चार मुलं. नवऱ्याने सीअर्स या दुकानातून 17 डॉलरची गिटार आणून दिली आणि ती स्वतःच शिकली. 1960 साली पहिली तबकडी निघाली. ती वाजवा म्हणून सांगायला नवरा-बायको गाडीने रेडिओ केंद्रामागून रेडिओ केंद्र हिंडले. गाणं देशातल्या लोकप्रिय कंट्री गाण्यांच्या यादीत 14व्या क्रमांकापर्यंत चढलं आणि त्याच ऑक्टोबरात ती ओप्रीच्या रंगमंचावर उभी होती.

मला तिचं मोठेपण वाटतं ते विषयांत. दारू पिऊन घरी येणारा नवरा, त्याच्यावर डोळा ठेवणारी दुसरी बाई, एकामागून एक बाळंतपणं, हे सगळं तिने बाईच्या तोंडून, नाव घेऊन गायलं. गर्भनिरोधक गोळीवरचं 'द पिल' 1972मध्ये ध्वनिमुद्रित झालं, पण बाहेर आलं 1975मध्ये. अनेक केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला, तरी ते कंट्री यादीत पाचवं आलं. त्याआधी, 1972मध्येच, कंट्री म्युझिक असोसिएशनचा 'एंटरटेनर ऑफ द इयर' हा पुरस्कार मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली होती.

पेन्ट्सव्हिलहून नॅशव्हिल पाच-साडेपाच तास. वाटेत घड्याळ एक तास मागे जातं, हे हॉटेलच्या वेळा ठरवताना लक्षात असू द्या. ओप्री 1943 ते 1974 रायमन सभागृहात होत असे, आणि लोरेटा पहिल्यांदा गायली ती तिथेच. दिवसा रायमनची फेरी करा आणि संध्याकाळी सध्याच्या ओप्री हाउसचं तिकीट काढा. रायमनच्या मंचाची लाकडं कापून केलेलं सहा फुटांचं वर्तुळ नव्या मंचावर बसवलेलं आहे. मंचामागची फेरी घेतली तर त्यावर उभं राहता येतं. फळ्यांवरचे जुने ओरखडे दिसतात. त्या फेरीचे पैसे मला जराही जास्त वाटले नाहीत.

शेवटचा टप्पा हरिकेन मिल्स. नॅशव्हिलच्या पश्चिमेला, आंतरराज्य महामार्ग 40वरचा 143 क्रमांकाचा फाटा. 1966 साली घेतलेलं हे शेत-रान तिच्या कुटुंबाचं घर झालं आणि 2022च्या ऑक्टोबरात तिचं निधनही इथेच झालं. पांढऱ्या खांबांचा मोठा वाडा, संग्रहालय आणि बुचर हॉलोच्या घराची प्रतिकृती, तिन्ही इथेच. मूळ घर आधी बघितलेलं असलं की ही प्रतिकृती किती मायेने केली आहे ते कळतं. 2021च्या ऑगस्टमध्ये या भागात भयंकर पूर आला होता. वाड्याची फेरी चालू आहे का, हे निघण्याआधी विचारून घ्या.

जुलैअखेर ते ऑगस्टची सुरुवात टाळा. त्या सुमारास हरिकेन मिल्सला मोटोक्रॉसची, म्हणजे खडबडीत मातीच्या वाटेवरच्या मोटरसायकल शर्यतींची, राष्ट्रीय स्पर्धा असते आणि तंबूची जागा मिळत नाही. शाकाहारी असाल तर एक सांगते: या भागात उसळीसारखे शिजवलेले घेवडे आणि मक्याचा पाव सगळीकडे मिळतो, पण घेवड्यात बहुतेकदा डुकराचं मांस असतं. दरवेळी विचारा आणि चिवडा-थेपले सोबत असू द्या.